हिरोशिगे यांचे शिन-ओहाशी पुलावरील पावसाचे चित्र कसे पाहावे?

रेवाकाठ

सर्वांना नमस्कार.

माझ्या भाचीने तोक्योहून येताना जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगे यांच्या एका प्रसिद्ध निसर्गचित्राची प्रत माझ्यासाठी आणली आहे. ही प्रत यंत्रावर छापलेली नसून, नव्याने कोरलेल्या लाकडी ठशांवरून जुन्या पद्धतीने हाताने छापलेली आहे, असे सोबतच्या कागदावर नमूद केले आहे. मूळ चित्र 1857 मधले, ‘एदोतील शंभर प्रसिद्ध स्थळे’ या मालिकेतले आहे; एदो म्हणजे आजचे तोक्यो. सुमिदा नदीवरचा शिन-ओहाशी हा लाकडी पूल, त्यावर अवचित कोसळलेली सर, पाठ वाकवून घाईने निघालेली थोडी माणसे, नदीत ओंडक्यांचा तराफा हाकणारा एकटा माणूस आणि पलीकडे पावसात पुसट झालेला आताकेचा काठ, एवढाच या चित्राचा ऐवज आहे.

मी आजवर प्रामुख्याने युरोपीय तैलचित्रे आणि आपली राजस्थानी व पहाडी लघुचित्रे पाहत आले आहे. त्या दोन्ही परंपरांत नजर कुठून आत न्यायची याची मला सवय झाली आहे. या चित्रापाशी मात्र ती सवय उपयोगी पडत नाही. येथे प्रकाश कुठून येतो ते दिसत नाही, कोणाचीही सावली पडलेली नाही, नदीचा पलीकडचा काठ सरळ असायला हवा तो तिरका झाला आहे, आणि पाऊस म्हणजे वरपासून खालपर्यंत ओढलेल्या बारीक काळ्या रेषा आहेत. प्रत्यक्ष पाऊस असा कधीच दिसत नाही, तरीही वळवाची पहिली जोरदार सर अंगावर आल्याचा जो अनुभव हे चित्र देते, तो मला कितीतरी मोठ्या तैलचित्रांत आलेला नाही. हे नेमके कशामुळे होते?

माझा दुसरा प्रश्न प्रतीविषयी आहे. ज्या चित्राच्या मुळातच पुष्कळ प्रती निघाल्या, त्याच्या बाबतीत ‘अस्सल’ कशाला म्हणायचे, आणि माझ्यापाशी असलेली नवी प्रत रसिकाने गांभीर्याने पाहण्याजोगी आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोरणी

रेवाकाठ ताई, आपल्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आहे, कारण आपली नजर पावसाच्या रेषांवर थांबली. मी मुद्राचित्रण, म्हणजे ठशांवरून चित्रे छापण्याची कला, शिकवतो आणि विद्यार्थ्यांना हे चित्र दाखवताना नेहमी तिथूनच सुरुवात करतो. हा पाऊस कसा कोरला गेला हे लक्षात आले, की चित्राचे बाकीचे अंग आपोआप उलगडत जाते, असे माझे मत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की हिरोशिगे यांनी स्वतः लाकडाला हात लावलेला नाही. त्या काळच्या एदोत अशा चित्रामागे चार पक्ष असत: पैसा घालणारा आणि विषय ठरवणारा प्रकाशक, चित्रकार, कोरक्या आणि छापणारा. या मालिकेचे प्रकाशक उओया एइकिची हे होते. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करून देई. तो कागद रानचेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवला जाई आणि कोरक्या त्या कागदासकट लाकूड कोरत असे. म्हणजे चित्रकाराच्या हातचे रेखाटन ठसा तयार होतानाच नष्ट होई. या रेषांच्या ठशावरून काढलेल्या छापांवर चित्रकार रंगांच्या जागा दाखवून देई आणि मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरला जाई.

आता पावसाकडे या. कागदावर कुंचल्याने एक रेषा ओढायला क्षणभर पुरतो. लाकडी ठशावर तीच रेषा उठावात राहायला हवी असते, म्हणून तिच्या दोन्ही अंगांनी सुरी चालवून भोवतालचे सारे लाकूड काढून टाकावे लागते. केसाएवढी बारीक, हातभर लांब आणि कुठेही न तुटलेली लाकडाची धार उभी ठेवायची, आणि अशा कितीतरी धारा शेजारी शेजारी ठेवायच्या, हे काम मोठ्या कसबी हाताचेच आहे. त्यात हा पाऊस दोन ठशांवरून छापलेला आहे. दोन्हींवरील रेषांचा कल किंचित निराळा आहे आणि छटाही एक गडद, एक फिकी आहे. आपल्या प्रतीवर भिंग धरून पाहिल्यास या रेषा जागोजागी एकमेकींना अतिशय लहान कोनात छेदताना दिसतील. या छेदण्यामुळेच डोळा एका रेषेवर स्थिर राहू शकत नाही, आणि ‘पाऊस पडत आहे’ हा भास निर्माण होतो. सगळ्या रेषा काटेकोर समांतर असत्या, तर पावसाऐवजी जाळी दिसली असती.

चित्राच्या माथ्यावरचा काळा पट्टा तितकाच महत्त्वाचा आहे. तो कोरलेला नाही. छापणारा ओल्या ठशावर रंग ठेवून तो हाताने पातळ करत नेतो, आणि ढगासारखी वेडीवाकडी कड मिळवण्यासाठी पाणी व रंग यांचा अंदाज दर वेळी नव्याने घेतो. जपानी कारागीर या छटाकामाला बोकाशी म्हणतात. ठसा तोच असला, तरी ढग प्रत्येक प्रतीत थोडा वेगळा उतरतो. पाण्यावरचा गडद निळा पट्टाही याच रीतीने आलेला आहे. तो निळा रंग बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी सापडलेला प्रशियन निळा असून, 1830 च्या सुमारास तो जपानमध्ये स्वस्तात मिळू लागल्यावर तिथल्या निसर्गचित्रांचा चेहराच पालटला. होकुसाई या चित्रकाराची फुजी पर्वताची मालिका आणि एदो ते क्योतो या तोकाइदो मार्गावरील हिरोशिगे यांची मालिका या दोन्ही त्याच सुमाराच्या आहेत.

आता पलीकडचा काठ पाहा. पुलाला, माणसांना आणि तराफ्याला काळी बाह्यरेषा आहे; काठावरच्या झाडांना आणि घरांना ती नाही. ते केवळ करड्या रंगाचे आकार आहेत. रेषा काढून घेतल्याबरोबर वस्तू दूर जाते आणि भिजते, हे हिरोशिगे पक्के जाणून होते. तोकाइदो मालिकेतील शोनो या मुक्कामाच्या पावसातही त्यांनी वाऱ्याने वाकलेली झाडे अशीच बाह्यरेषेविना, मागे मागे फिकी होत गेलेली दाखवली आहेत.

काठ तिरका का, हा आपला प्रश्न रास्त आहे. पूल आणि काठ यांच्या दिशा एकमेकींशी कोन करतात, आणि पावसाच्या रेषा त्या दोन्हींना कापत उतरतात. त्यामुळे चित्रात टेकायला सपाट जागाच उरत नाही. युरोपीय यथादर्शनाचे, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याचे नियम हिरोशिगे यांच्या पिढीला परके नव्हते, कारण एदोत ते शंभरेक वर्षांपूर्वीच पोहोचले होते. त्यांना जिथे हवे तिथे त्यांनी ते वापरले. सावल्यांचेही तसेच आहे. याच मालिकेत सारुवाका-माची या नाट्यगृहांच्या रस्त्याचे रात्रीचे दृश्य आहे, आणि त्यात पौर्णिमेच्या चांदण्यात चालणाऱ्या प्रत्येक माणसाची सावली जमिनीवर काढलेली आहे. ते चित्र आपण या चित्राशेजारी ठेवून जरूर पाहावे. सावली कुठे अर्थपूर्ण होते आणि कुठे अनावश्यक, याचा निर्णय चित्रकाराने किती विचारपूर्वक घेतला होता ते त्यावरून स्पष्ट होते.

सुमिदापार

मी अनेक वर्षे तोक्योच्या पूर्व भागात राहतो, तेव्हा स्थळाविषयी थोडे लिहितो.

शिन-ओहाशी हा पूल प्रथम 1693 मध्ये बांधला गेला. लाकडी पूल आग, पूर आणि जीर्णता यांमुळे पुन्हा पुन्हा बांधावा लागे. चित्रातला पूल आजच्या पुलाच्या जागेपासून थोडा खालच्या अंगाला होता. आज तिथे 1970 च्या दशकात बांधलेला, पिवळ्या मनोऱ्यांना तारांनी तोललेला पूल आहे. पलीकडच्या काठाला आताके हे नाव पडले ते आताकेमारू या शोगुनांच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशांच्या, प्रचंड लढाऊ जहाजावरून. सतराव्या शतकात ते जहाज तिथे नांगरलेले असे, आणि पुढे शोगुनशाहीच्या नौका ठेवण्याच्या शेडही त्याच काठावर होत्या. एदोच्या रहिवाशाला त्या करड्या आकारांतून हे सारे ओळखू येत असे. आपल्याला दिसतो तो केवळ धूसर किनारा. त्यांना दिसत असे ती परिचित जागा, पावसाने क्षणभर झाकलेली.

मालिकेच्या काळाविषयी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर 1855 मध्ये एदोला मोठा भूकंप झाला आणि त्यानंतर लागलेल्या आगींत शहराचे अतोनात नुकसान झाले. ही मालिका निघू लागली ती त्यानंतर काही महिन्यांतच, 1856 मध्ये. हिरोशिगे यांचा जन्म 1797 मध्ये शोगुनांच्या अग्निशमन दलात नोकरी असलेल्या घराण्यात झाला होता, आणि तरुणपणी ते पद त्यांनी स्वतःही सांभाळले होते. आग आणि पडझड म्हणजे काय, हे त्यांना घरातूनच माहीत होते. असे असूनही मालिकेत त्यांनी उद्ध्वस्त शहर मांडले नाही; पूल, सण, चहाची दुकाने, बहरलेली झाडे आणि पाऊस मांडला. पडझडीतून सावरणाऱ्या शहराच्या लोकांनी ही चित्रे विकत घेतली, आणि तीही नूडल्सच्या एखाद्या वाडग्याच्या आसपासच्या किमतीत. 1858 मध्ये, एदोत कॉलऱ्याची साथ पसरलेली असताना, हिरोशिगे यांचे निधन झाले. तोवर मालिका शंभराचा आकडा ओलांडून गेली होती.

चित्रातला दृष्टिकोन प्रत्यक्षात मिळत नाही, हेही सांगतो. इतक्या उंचीवरून पूल पाहता येईल अशी जागा त्या काठावर नव्हती. चित्रकाराने नजर हवेत उचलून ठेवली आहे, म्हणून पाहणारा पुलावरच्या लोकांबरोबर भिजत नाही. तो ढगाच्या बाजूने खाली पाहतो. पुलावरून चालताना मला हे चित्र कधीच सापडले नाही आणि ते सापडावे अशी अपेक्षाही मी आता ठेवत नाही.

आडवाट

वरील दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले. तरीही कोरणी सरांच्या एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. पाऊस कसा कोरला हे कळल्यावर चित्र उलगडते, असे ते म्हणतात. माझ्या मते या चित्राचे मर्म त्या तराफेवाल्यात आहे, आणि तो दिसण्यासाठी कोरकामाचे ज्ञान लागत नाही, सवड लागते.

पुलावरच्या माणसांकडे पाहा. कोणी छत्री पुढे झुकवली आहे, कोणी डोक्यावर चटई घेतली आहे, एकाच छत्रीखाली दाटीवाटीने काही जण शिरले आहेत. त्यांचे चेहरे जवळजवळ झाकलेले आहेत आणि सगळ्यांना कुठेतरी आडोशाला पोहोचायचे आहे. पूल संपला की छप्पर आहे. तराफेवाल्याला असे कुठलेही छप्पर नाही. गवताचे इरले आणि टोपी घालून तो आपला बांबू पाण्यात रोवतो आहे, कारण ओंडके जिथे न्यायचे तिथे न्यावेच लागणार. चित्राची नाट्यमयता पुलावर आहे आणि तिचा तोल त्या लहानशा आकृतीत आहे. हाताच्या अंगठ्याने त्याला झाकून पाहा. उरलेले चित्र देखणे राहते, परंतु त्यातली नदी केवळ निळा पट्टा होऊन जाते. पाऊस पाण्यावरही पडतो आहे, तिथेही कोणाचे तरी दिवसभराचे काम चालू आहे, ही जाणीव त्या एका माणसामुळे येते.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी 1887 मध्ये पॅरिसला असताना या चित्राची तैलरंगात प्रतिकृती केली, हे अनेकांना माहीत असेल. कडेने त्यांनी दुसऱ्या जपानी चित्रांतून घेतलेली अक्षरे नक्षीसारखी रंगवली आहेत. त्यांचे पाणी अधिक हिरवट आणि खवळलेले आहे, रंग अधिक तीव्र आहेत. ते चित्र मला प्रिय आहे, पण त्यातला पाऊस कुंचल्याच्या फटकाऱ्यांचा आहे. रंगाचा थर मध्ये आल्यामुळे रेषेची ती कोरडी, ताठ धार तिथे उरलेली नाही. येथे मी कोरणी सरांशी पूर्ण सहमत आहे.

कोरणी

आडवाट, तराफेवाल्याविषयी आपण लिहिलेले मला मान्य आहे. एवढेच जोडतो, की त्याची आकृती इतकी लहान असूनही तिच्यावरून पावसाच्या रेषा जातात आणि ती तरीही वाचता येते, याचे श्रेय ठसे अचूक जुळण्याला आहे. प्रत्येक ठशावर एका कोपऱ्यात काटकोनी खूण आणि त्याच कडेला थोड्या अंतरावर सरळ खूण कोरलेली असते. ओलसर कागद दर वेळी त्या दोन खुणांना टेकवूनच ठशावर ठेवतात. जपानी भाषेत या खुणांना केन्तो म्हणतात. ओला कागद ताणतो, लाकूड फुगते, हे सर्व सांभाळून छापणारा बारेन या बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने कागदाच्या पाठीवरून दाब देतो. छापयंत्र कुठेच नसते.

रेवाकाठ

आपणा सर्वांची मी अतिशय आभारी आहे. अंगठ्याने तराफेवाल्याला झाकून पाहिले आणि खरोखरच नदी नाहीशी झाली. भिंगातून दोन दिशांच्या रेषाही स्पष्ट दिसल्या. सारुवाका-माचीचे चित्र संगणकावर पाहिले; त्या सावल्यांनी रस्त्याला जी शांतता आली आहे, ती विलक्षण आहे. आता फक्त प्रतीविषयीचा प्रश्न उरला आहे.

कागदवेळ

मी कागदावरील जुन्या चित्रांच्या जतनाचे काम करतो, म्हणून प्रतीविषयी लिहितो.

या परंपरेत ‘अस्सल एक आणि बाकी नकला’ अशी मांडणी लागू होत नाही. चित्र पहिल्यापासूनच अनेक प्रतींसाठी घडवलेले असते. तरीही सर्व प्रती सारख्या नसतात. पहिल्या खेपेच्या वेळी ठशांच्या कडा तीक्ष्ण असतात आणि रंगांविषयी चित्रकाराच्या सूचना ताज्या असतात, म्हणून त्या खेपेला मान आहे. चित्र खपू लागले की प्रकाशक घाई करी. मेहनतीचे छटाकाम कमी होई, एखादा ठसा वगळला जाई आणि रेषा झिजून जाड होत. हिरोशिगे यांच्याच तोकाइदो मालिकेतील कानबारा या गावाच्या रात्रीच्या हिमवर्षावाच्या दोन प्रकारच्या प्रती आढळतात: एकीत आकाशाचा काळोख वर दाटलेला आहे आणि खाली उजळत जातो, तर दुसरीत तो खाली, घरांच्या मागे दाटलेला आहे. ठसे तेच, छपाई निराळी, आणि दोन्हींतल्या रात्रीचा परिणाम पूर्णपणे वेगळा. माझी स्वतःची पसंती वर उजळ असलेल्या आकाशाला आहे, कारण तिथे बर्फाचा प्रकाश आणि आकाशाचा प्रकाश एकमेकांशी बोलतात. परंतु उलट मत असलेले जाणकारही पुष्कळ आहेत.

आपली प्रत नव्याने कोरलेल्या ठशांवरची आहे. तिला 1857 ची म्हणून कोणी विकले, तर ती फसवणूक ठरेल. पुनर्निर्मिती म्हणून ती स्वच्छ आणि प्रामाणिक वस्तू आहे. माझ्या मते रसिकाला तिचा एक मोठा लाभ आहे. जुन्या प्रतींतले वनस्पतिजन्य रंग, विशेषतः करडईचा लाल, उजेडाने उडतात, आणि त्यामुळे संग्रहालयांत आपण अनेकदा मूळ रंगमेळाचा उरलेला अंश पाहत असतो. एदोच्या ग्राहकाने दुकानात हातात घेतलेले ताजे चित्र साधारण कसे दिसत असेल, याची कल्पना नवी हातछपाईची प्रतच देऊ शकते. तोक्योमध्ये आदाचीसारख्या संस्था आजही त्याच रीतीने ठसे कोरतात आणि छापतात.

प्रत खरोखर हातछपाईची आहे की नाही, हे घरच्या घरी तपासता येते. भिंगाखाली रंग ठिपक्यांच्या जाळीने बनलेला दिसला, तर ती यंत्रावरची छपाई आहे; सलग, कागदाच्या तंतूंत मुरलेला दिसला, तर हाताची. कागद उलटा करून पाहिल्यास रंग मागपर्यंत झिरपलेला दिसतो, आणि बारेनच्या फिरण्याच्या खुणाही कधी कधी सापडतात. मग खिडकीशी उभे राहून कागद जवळजवळ आडवा धरा आणि प्रकाश कडेने येऊ द्या. दाबामुळे रेषा कागदात किंचित खोल गेलेल्या दिसतील, आणि आकाशाच्या सपाट भागात लाकडाच्या शिरांचा पुसट ठसा उमटलेला असला, तर तोही दिसेल. हे चित्र भिंतीवर टांगून दुरून पाहण्यासाठी घडवलेले नाही. एदोचे लोक ते हातात घेऊन, तिरके करून, जवळून पाहत. त्यामुळे चौकटीत घालण्यापूर्वी ते पुष्कळ वेळा हातात धरून पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

याच परंपरेत पुढे आपल्याकडचे काही पाहायचे असेल, तर जपानी चित्रकार योशिदा हिरोशी यांची भारतावरील मुद्राचित्रे शोधावीत. 1930–31 मध्ये ते भारतात हिंडले आणि परत गेल्यावर त्यांनी ताजमहाल, कांचनगंगा आणि अजिंठ्याची लेणी यांची ठशांवरची चित्रे केली. योशिदा कोरकाम आणि छपाई यांवर स्वतः बारकाईने लक्ष ठेवत, आणि तेच ठसे वेगवेगळ्या रंगांत छापून एकाच दृश्याच्या सकाळ, धुके, रात्र अशा वेळा दाखवत. कानबाराच्या दोन आकाशांत जे ओझरते दिसते, त्याची त्यांनी पद्धतच बनवली.

जतनाविषयी थोडेसे. चित्राला प्लास्टिकचे आवरण चिकटवून घेऊ नये आणि ते पुठ्ठ्यावर डिंकाने डकवू नये. आम्लरहित कागदाची चौकट करून काच चित्रापासून थोडी दूर राहील असे पाहावे, आणि थेट ऊन पडणारी किंवा पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळावी. आपण कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर जून ते सप्टेंबर चित्र चौकटीतून काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या कपाटात आडवे ठेवणे अधिक सुरक्षित ठरेल. बुरशीचा ठिपका दिसल्यास तो पुसण्याचा प्रयत्न स्वतः करू नये. कागद कोरड्या, हवेशीर जागी वेगळा ठेवून जतनाचे काम करणाऱ्याला दाखवावा.